किशोरवयीनांचे आरोग्य आणि राष्ट्रीय उद्दिष्टे : मोजमापाचा प्रश्न

प्रस्तावना

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार वयाची १० ते १९ ही वर्षे किशोरावस्थेची होत. २०११ च्या जनगणनेत भारतातील या वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे २५ कोटी ३० लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एकपंचमांशाहून किंचित अधिक नोंदली गेली. बालपणातील संसर्गजन्य रोगांचा मोठा धोका टळलेला आणि प्रौढपणातील विकार अद्याप दूर, असा हा काळ असल्यामुळे तो स्वभावतःच निरोगी मानला जातो. पाच वर्षांखालील बालक लसीकरणाच्या निमित्ताने आणि गर्भवती स्त्री प्रसूतिपूर्व तपासणीच्या निमित्ताने आरोग्ययंत्रणेच्या नजरेखाली येते. या दोहोंच्या मधली व्यक्ती मात्र आजारी पडल्याखेरीज, आणि मुलगी असल्यास पुष्कळदा आजारी पडूनही, आरोग्यकेंद्राची पायरी चढत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात आखल्या गेलेल्या राष्ट्रीय आरोग्य उद्दिष्टांमध्ये या वयोगटाला स्थान मिळाले ते उशिरा, आणि मिळाले तेही मुख्यतः 'भावी माता' या नात्याने. या दृष्टिकोनाचा परिणाम केवळ शब्दरचनेपुरता राहिला नाही. कोणाचे रक्त तपासायचे, कोणत्या वयापासून तपासायचे, कोणता आकडा देशाची प्रगती म्हणून सांगायचा, हे त्यावरून ठरत गेले. गेल्या दोन दशकांतील किशोरवयीन आरोग्याचे कल आणि त्याच काळातील उद्दिष्टे ही एकमेकांसमोर ठेवून पाहिली असता हे स्पष्ट होते. रक्तक्षयाचे, म्हणजेच ॲनिमियाचे, उदाहरण यासाठी सर्वांत बोलके असल्याने प्रस्तुत लेखात त्याचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

मोजणीतून वगळलेली मुलगी

पोषणजन्य रक्तक्षयाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. त्याचे लाभार्थी प्रामुख्याने गर्भवती व स्तनदा माता आणि लहान बालके हे होते. शाळेत जाणारी बारा वर्षांची मुलगी त्यात नव्हती. ती काही वर्षांनी विवाहित होऊन गर्भवती झाली की मगच तिच्या हिमोग्लोबिनची चौकशी सुरू व्हायची, आणि तोवर पोटातील बाळासाठी लागणारे लोह तिच्या शरीरात साठलेले नसे.

सर्वेक्षणांची स्थिती याहून वेगळी नव्हती. देशातील आरोग्यविषयक आकडेवारीचा मुख्य आधार असलेले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मुंबईतील गोवंडी येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या समन्वयाने होते. १९९२-९३ च्या पहिल्या आणि १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीत केवळ विवाहित, किंवा कधी काळी विवाह झालेल्या, स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी दुसऱ्या फेरीत प्रथमच झाली, परंतु सतरा वर्षांची अविवाहित मुलगी तिच्या कक्षेत नव्हती. तिचा समावेश होण्यासाठी २००५-०६ ची तिसरी फेरी उजाडावी लागली. याच फेरीत पुरुषांचाही समावेश झाला, पण तोही वयाच्या १५ व्या वर्षापासून पुढे. १० ते १४ या वयोगटाचे रक्त या सर्वेक्षणात त्यानंतरच्या दोन फेऱ्यांतही तपासले गेले नाही. थोडक्यात, ज्या वयात उंची झपाट्याने वाढते, मासिक पाळी सुरू होते आणि शरीराची लोहाची गरज एकदम वाढते, नेमके ते वय दीर्घकाळ अंधारात राहिले.

याला अपवाद म्हणून महाराष्ट्रातील एका अभ्यासाचा उल्लेख करावा लागेल. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात १३ वर्षांपुढील ६५० मुली व स्त्रियांची तपासणी करण्यात आली होती. ९२ टक्के स्त्रियांमध्ये एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्यांचे प्रमाण अवघे ८ टक्के होते. या अभ्यासाची चर्चा बहुधा ९२ या आकड्यापाशी थांबते. त्यातील अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, गर्भवती नसलेल्या व अविवाहित मुलींनाही आरोग्याच्या तक्रारी असतात, हे त्याने प्रत्यक्ष तपासणीने दाखवून दिले. माता-बालसंगोपन कार्यक्रमाच्या चौकटीत हे बसणारे नव्हते.

उद्दिष्टांचा प्रवास

राष्ट्रीय लोकसंख्या धोरण २००० मध्ये किशोरवयीनांचा उल्लेख सेवांपासून वंचित राहिलेल्या गटांमध्ये झाला. मुलींचा विवाह १८ व्या वर्षाआधी होऊ नये आणि शक्यतो २० नंतर व्हावा, हे त्यातील एक उद्दिष्ट होते. धोरणाचे नाव लक्षात घेता भर विवाहाच्या वयावर, पर्यायाने जन्मदरावर, असणे स्वाभाविक होते. दोन वर्षांनी आलेल्या राष्ट्रीय आरोग्य धोरण २००२ मध्ये पोलिओ, कुष्ठरोग, काला आजार, क्षयरोग, अंधत्व, बालमृत्यू व मातामृत्यू यांच्यासाठी मुदतीसह उद्दिष्टे होती. किशोरवयासाठी स्वतंत्र असे एकही संख्यात्मक उद्दिष्ट त्या यादीत नव्हते. २०१७ च्या धोरणात या वयोगटाची दखल घेतली गेली, तथापि मुदत व आकडा यांनी बांधलेल्या उद्दिष्टांच्या यादीत तो स्वतंत्रपणे तेव्हाही आला नाही.

अकराव्या पंचवार्षिक योजनेने (२००७-१२) स्त्रिया व मुली यांच्यातील रक्तक्षयाचे प्रमाण निम्म्यावर आणण्याचे ठरविले. 'मुली' हा शब्द येथे स्पष्टपणे आला, ही प्रगती म्हटली पाहिजे. २०१२-१३ पासून साप्ताहिक लोह व फॉलिक आम्ल पूरक कार्यक्रम देशभर राबविण्यास सुरुवात झाली. त्यानंतर ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, असंसर्गजन्य आजार, व्यसने, इजा व हिंसा आणि मानसिक आरोग्य अशी सहा क्षेत्रे त्यात निश्चित करण्यात आली. मुलगे, शाळाबाह्य मुले आणि १० ते १४ हा वयोगट यांना त्यात जाणीवपूर्वक स्थान होते. कागदावर पाहता तोपर्यंतच्या दृष्टिकोनात झालेला हा सर्वांत मोठा बदल होय. पुढे २०१८ मध्ये पोषण अभियान आणि ॲनिमियामुक्त भारत ही दोन अभियाने आली. दरवर्षी ३ टक्केबिंदूंनी रक्तक्षय कमी करणे हे त्यांचे घोषित लक्ष्य होते, आणि २०२२ ही त्याची मुदत होती.

रक्तक्षयाचा उलटा आलेख

तिसऱ्या सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींमधील रक्तक्षयाचे प्रमाण ५५.८ टक्के होते. दहा वर्षांनी, २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत, ते ५४.१ टक्के आढळले. निम्म्यावर आणण्याच्या संकल्पाचे फलित दोन टक्केबिंदूंहूनही कमी, असा याचा अर्थ. पुढील लक्ष्य सरळ हिशेबाने मांडल्यास २०२२ पर्यंत हा आकडा ४० च्या आत यावयास हवा होता. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो ५९.१ टक्क्यांवर गेला. त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये तिन्ही फेऱ्यांचे आकडे अनुक्रमे ३०.२, २९.२ व ३१.१ टक्के असे आहेत.

महाराष्ट्रातील वाढ राष्ट्रीय सरासरीहून अधिक आहे. १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये चौथ्या फेरीत ४९.७ टक्के असलेले प्रमाण पाचव्या फेरीत ५७.२ टक्के झाले. अशा वेळी करोना महासाथ, टाळेबंदी व बंद पडलेल्या शाळा यांच्याकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. परंतु पाचव्या फेरीचे काम दोन टप्प्यांत झाले आणि महाराष्ट्राचा समावेश पहिल्या टप्प्यात होता. राज्यातील घरोघरचे सर्वेक्षण महासाथीपूर्वी, २०१९ मध्येच झाले होते. महाराष्ट्रापुरते तरी हे स्पष्टीकरण लागू पडत नाही.

आकडा खरा आहे काय, हा प्रश्न तज्ज्ञांनी उपस्थित केला आणि तो टाळता येण्यासारखा नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाला टोचून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर, हातात मावणाऱ्या यंत्राने तपासणी होते. बोट दाबून थेंब काढल्यास रक्तात ऊतींमधील द्रव मिसळतो आणि वाचन बदलते. याउलट २०१६-१८ मध्ये झालेल्या व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेतील स्वयंचलित यंत्रावर तपासणी करण्यात आली. १० ते १९ हा संपूर्ण वयोगट राष्ट्रीय पातळीवर अशा रीतीने प्रथमच पाहिला गेला. या सर्वेक्षणानुसार किशोरवयीनांमधील रक्तक्षयाचे प्रमाण सुमारे २८ टक्के, मुलींमध्ये ४० टक्के व मुलग्यांमध्ये १८ टक्के होते. दोन सर्वेक्षणांचे वयोगट सारखे नाहीत, हे लक्षात घेतले तरी ५४ आणि ४० यांतील अंतर मोठे आहे. नीती आयोगाच्या शाश्वत विकास निर्देशांकाच्या २०२०-२१ च्या आवृत्तीने यांपैकी २८.४ हा आकडा घेतला आणि २०३० साठी त्याच्या निम्मे, म्हणजे १४.२ टक्के, हे लक्ष्य ठेवले. एकाच देशात एकाच वयोगटाच्या एकाच विकारासाठी दोन भिन्न आधाररेषा आणि दोन भिन्न उद्दिष्टे अशा रीतीने एकाच वेळी अस्तित्वात आली.

वादाचा आणखी एक पदर आहे. कोणत्या पातळीखालील हिमोग्लोबिनला रक्तक्षय म्हणावे? १५ वर्षांपुढील गर्भवती नसलेल्या मुलींसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दर डेसिलिटरला १२ ग्रॅम अशी आहे. व्यापक पोषण सर्वेक्षणातील निरोगी मुलांच्या नोंदींवरून २०२१ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय बालके व किशोरवयीन यांच्यासाठी ही मर्यादा खाली असावी, असे प्रतिपादन करण्यात आले. त्या मर्यादेने पाहिल्यास १ ते १९ वयोगटातील रक्तक्षय सुमारे ३० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर येतो. या निष्कर्षावर आक्षेपही आहेत. निरोगी म्हणून निवडलेली मुले खरोखर सुपोषित होती काय, हा त्यांतील मुख्य. संघटनेने २०२४ मध्ये मर्यादांचा फेरआढावा प्रसिद्ध केला, तेव्हा १५ वर्षांपुढील मुलींसाठीची १२ ची मर्यादा कायम राहिली. मापनशास्त्रातील हा मतभेद उपयुक्त आहे. मात्र एका गोष्टीकडे दुर्लक्ष होऊ नये. चौथी व पाचवी फेरी यांची मूळ पद्धत एकच, म्हणजे बोटाच्या रक्ताची. तेव्हा पद्धतीतील दोष गृहीत धरूनही, अपेक्षित असलेली मोठी घट त्या पद्धतीला दिसली नाही, हे शिल्लक राहतेच.

निळ्या गोळीच्या मर्यादा

साप्ताहिक कार्यक्रमात इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातील ठरलेल्या दिवशी निळ्या रंगाची गोळी दिली जाते. २०१८ नंतरच्या सूत्रानुसार तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. वर्षातून दोनदा जंतनाशकाची गोळी दिली जाते. रचना साधी व स्वस्त आहे. शिक्षकाच्या देखरेखीखाली गोळी घेतली जावी, ही तिची मुख्य अट. उपाशीपोटी घेतल्यास मळमळ होते, पोटात दुखते, शौचाचा रंग काळा होतो. हे आधी सांगितलेले नसल्यास पहिल्याच आठवड्यात वर्गातील निम्म्या गोळ्या दप्तरात जातात आणि नोंदवहीत मात्र शंभर टक्के वाटप दिसते. वाटप आणि सेवन यांतील हा फरक राष्ट्रीय अहवालात उमटत नाही.

त्याहून मूलभूत मुद्दा असा की, साप्ताहिक गोळी ही प्रतिबंधक मात्रा आहे. ज्या मुलीला रक्तक्षय झालेलाच आहे तिला ती पुरत नाही. ॲनिमियामुक्त भारत अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सौम्य व मध्यम रक्तक्षय असलेल्या किशोरवयीनांना रोज दोन गोळ्या तीन महिने द्यावयाच्या असतात. त्यासाठी आधी तपासणी व्हावी लागते. सर्वांना एकच गोळी देणे शाळेला जमते. प्रत्येकीचे रक्त तपासून तीन महिने पाठपुरावा करणे हे काम वेगळ्या जातीचे आहे.

रक्तक्षय म्हणजे लोहाची कमतरता, हे समीकरणही तपासून घेण्याजोगे आहे. व्यापक पोषण सर्वेक्षणाच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात किशोरवयीनांमधील रक्तक्षयापैकी केवळ लोहाच्या कमतरतेमुळे झालेला वाटा सुमारे एकपंचमांश, तर फॉलेट किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे झालेला वाटा सुमारे एकचतुर्थांश आढळला. बी-१२ ची कमतरता ३१ टक्के किशोरवयीनांत होती. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळते. निळ्या गोळीत ते नसते. भाकरी, वरण-भात आणि दिवसातून चार वेळा चहा, असा आहार असलेल्या घरातील मुलीच्या बाबतीत तर दोन अडचणी एकत्र येतात: धान्यातील फायटेट व चहातील टॅनिन यांमुळे आहे ते लोह शोषले जात नाही आणि बी-१२ चा तर स्रोतच ताटात नसतो. विदर्भातील व नंदुरबारकडील आदिवासी भागांत सिकलसेल या आनुवंशिक विकाराचाही विचार करावा लागतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अपेक्षित असल्याने किशोरवयीन त्यात आपोआप येतात, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

विवाहाचे वय : जेथे आकडे उतरले

रक्तक्षयाच्या उलट, विवाह व मातृत्व यांच्या बाबतीत कल निःसंशय खाली आहे. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ व्या वर्षाआधी विवाह झालेल्यांचे देशातील प्रमाण २००५-०६ मध्ये ४७.४ टक्के होते. ते २०१५-१६ मध्ये २६.८ व २०१९-२१ मध्ये २३.३ टक्के झाले. १५ ते १९ वयात आई झालेल्या वा गर्भवती असलेल्या मुलींचे प्रमाण याच तीन फेऱ्यांत १६.०, ७.९ व ६.८ टक्के असे उतरले. यामागे मुलींच्या शिक्षणाचा वाटा मोठा असला, तरी लोकसंख्या धोरणापासून सातत्याने मोजला गेलेला हाच निर्देशांक आहे, हेही विसरता येत नाही.

पहिल्या दशकातील वेग दुसऱ्या टप्प्यात राहिलेला नाही, हे मात्र आकड्यांवरूनच दिसते. महाराष्ट्राची सरासरी चौथ्या फेरीत २६.३ व पाचव्या फेरीत २१.९ टक्के होती. परंतु परभणी जिल्ह्यात हे प्रमाण सुमारे ४८ आणि बीडमध्ये सुमारे ४४ टक्के आढळले. ऊसतोडणीला 'कोयता' म्हणून नवरा-बायकोच्या जोडीला उचल मिळते. आईवडील सहा महिने फडावर असताना वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न त्या घरांपुढे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास उभा राहतो. येथे २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा आहे, पण वसतिगृहाची जागा आणि आठवी-नववीनंतर जवळपास शाळा नाही, अशी स्थिती असेल तर कायद्याचा उपयोग फार तर तक्रार झाल्यावर होतो. मुलींचे विवाहाचे वय २१ करण्याचे विधेयक २०२१ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्यावर व्यपगत झाले. परभणीच्या आकड्यावर त्याने काय फरक पडला असता, याबद्दल शंका घेण्यास जागा आहे.

काय केल्याने फरक पडतो, याचा पुरावा मराठवाड्यातच उपलब्ध आहे. पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अविवाहित किशोरींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य शिक्षणक्रम गावातच चालविला. गावातील स्त्रियांनाच शिक्षिका म्हणून तयार करण्यात आले आणि पालकांना सुरुवातीपासून सामील करून घेतले. त्या भागातील मुलींच्या विवाहाचे मध्यक वय १६ वरून १७ वर गेले. एक वर्ष हा आकडा लहान दिसतो. पण सोळाव्या वर्षी लग्न होणाऱ्या मुलीला ते एक वर्ष मिळणे म्हणजे दहावी पूर्ण होणे असू शकते.

कृश शरीर, वाढती साखर

व्यापक पोषण सर्वेक्षणात २४ टक्के किशोरवयीन वयाच्या मानाने कृश, तर ५ टक्के जादा वजनाचे आढळले. हे दोन आकडे पाहून भारतातील प्रश्न अद्याप उपासमारीचाच आहे, असे वाटू शकते. त्याच सर्वेक्षणात सुमारे १० टक्के किशोरवयीनांच्या रक्तातील साखर मधुमेहपूर्व अवस्थेत होती. कृशता आणि साखर यांची ही जोडी पाश्चात्त्य अनुभवाच्या आधारे समजत नाही. तिचे स्पष्टीकरण पुण्यातील संशोधनाने बऱ्याच अंशी दिले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील सहा गावांतील मातांचा व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, म्हणजे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांपेक्षा जवळपास ८०० ग्रॅमने कमी होते. स्नायू व अवयव लहान होते, पण त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. बारीक दिसणाऱ्या या बाळाला त्यांनी कृश-स्थूल म्हटले. असे शरीर घेऊन वाढलेला मुलगा किंवा मुलगी सतराव्या वर्षी काट्यावर सडसडीत भरते आणि तरीही मधुमेहाकडे झुकलेली असते.

पाच वर्षांखालील बालकांची खुरटलेली वाढ कमी करण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय धोरणात आहे आणि प्रौढांमधील मधुमेहाचेही आहे. मधल्या दहा वर्षांत कमरेचा घेर व रक्तातील साखर यांची नियमित नोंद कोणी ठेवावी, हे कोठेच ठरलेले नाही.

मुलगे आणि मन

तंबाखूच्या बाबतीत चित्र आशादायक आहे. १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांच्या जागतिक तंबाखू सर्वेक्षणात भारतातील सेवनाचे प्रमाण २००९ मधील १४.६ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ८.५ टक्क्यांवर आले. २००३ चा कायदा, शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीबंदी, महाराष्ट्रात २०१२ पासूनची गुटखाबंदी यांना त्याचे काही श्रेय द्यावे लागेल. बंदीनंतरही गुटखा कोठे मिळतो हे प्रत्येक गावाला ठाऊक असले तरी. तथापि हे सर्वेक्षण शाळेत होते. शाळा सोडून गॅरेजवर, हॉटेलात किंवा वीटभट्टीवर कामाला लागलेला चौदा वर्षांचा मुलगा त्यात नाही.

मानसिक आरोग्याबाबत आधार तुटपुंजे आहेत. बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाच्या सहा क्षेत्रांपैकी हे एक आहे. पण गोळ्यांच्या वाटपासारखे ते मोजता येत नाही, म्हणून मासिक अहवालात त्याचा रकाना बहुधा समुपदेशनासाठी आलेल्यांच्या संख्येपुरता राहतो. महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठीच्या चिकित्साकेंद्रांना 'मैत्री' असे नाव देण्यात आले. ती बहुतांशी ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत, कार्यालयीन वेळेत चालतात. ज्याला कोणाच्याही नजरेस न पडता बोलायचे आहे असा मुलगा त्याच इमारतीत, जेथे त्याच्या काकूला रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात, कितपत येईल, हा विचार नाव ठेवण्यापूर्वी व्हायला हवा होता.

महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर

उद्दिष्टांची वयोमर्यादा आणि शिक्षणाची रचना यांचा मेळ कसा बसत नाही, हे महाविद्यालयात स्पष्ट दिसते. साप्ताहिक गोळी बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी शाळेतून आणि शाळाबाह्य मुलींसाठी अंगणवाडीतून मिळते. २० वर्षांपुढील स्त्रियांसाठी ॲनिमियामुक्त भारत अभियानात लाल रंगाची स्वतंत्र गोळी आहे. पदवीच्या पहिल्या व दुसऱ्या वर्षात शिकणारी १८-१९ वर्षांची मुलगी शाळेत नाही, 'शाळाबाह्य' या व्याख्येत नाही आणि २० वर्षांची झालेली नाही. किशोरवयाची शेवटची दोन वर्षे ती अशा रीतीने दोन रंगांच्या मध्ये काढते. वरिष्ठ महाविद्यालयांना जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांतील अकरावी-बारावीचे वर्ग नियमाने कार्यक्रमात असले, तरी तेथे गोळ्या पोहोचणे हे प्राथमिक आरोग्यकेंद्र व महाविद्यालय यांच्यातील संपर्कावर अवलंबून राहते.

या वयाच्या मुलींच्या रक्ताची तपासणी महाविद्यालयात होतच नाही, असे नव्हे. १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या एककांमार्फत हिमोग्लोबिन तपासणी व रक्तदान शिबिरे बहुतेक ठिकाणी घेतली जातात. शिबिराचे वृत्त छायाचित्रांसह वार्षिक अहवालात येते. रक्तदानासाठी किमान १८ वर्षे वय, ४५ किलोग्रॅम वजन आणि दर डेसिलिटरला १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन आवश्यक असते. किती बाटल्या रक्त जमा झाले, हा आकडा प्राचार्यांना, विद्यापीठाला आणि वृत्तपत्राला कळविला जातो. रक्तदानासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या, पण वजन किंवा हिमोग्लोबिन कमी भरल्यामुळे परत पाठविलेल्या मुलींची संख्या त्याच टेबलावर, त्याच सकाळी, रक्तपेढीच्या अर्जांवर उतरलेली असते. ती वेगळी काढून, मुलीची ओळख गुप्त राखून, तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठविण्यास कोणत्याही नव्या योजनेची वा निधीची गरज नाही. आणि परत गेलेल्या प्रत्येकीला तीन महिन्यांच्या उपचारासाठी कोणत्या केंद्रात जायचे, याची चिठ्ठी देण्यासही नाही. सध्या तिला सांगितले जाते ते इतकेच की, पालेभाज्या खात जा.